जिप्सीच्या मागच्या अ‍ॅक्सलमधून ऑईलची गळती: सील बदलूनही थांबत नाही

रानवाट (वाळपई)

सर्वांना नमस्कार. आमच्या घरी १९९८ सालची मारुती जिप्सी किंग आहे, १३०० सीसीची, कार्ब्युरेटरवाली. कुळागरात (सुपारीच्या बागेत) जाण्यायेण्यासाठी, सुपारीची पोती आणण्यासाठी आणि पावसाळ्यात वाटेवरचे व्हाळ (ओढे) ओलांडण्यासाठी ती सतत वापरात असते. त्यामुळे दुरुस्तीसाठी ती फार काळ उभी ठेवता येत नाही, आणि सदोष ब्रेकसह चालवणेही मनाला पटत नाही.

अडचण अशी आहे की मागच्या उजव्या चाकाच्या टायरची आतली बाजू तेलकट होते. गाडी रात्रभर अंगणात उभी राहिली की सकाळी ब्रेकच्या बॅक प्लेटच्या (ड्रममागच्या पत्र्याच्या) खालच्या कडेवर थेंब लोंबताना दिसतो आणि त्याखालच्या चिऱ्यावर काळपट डाग पडलेला असतो. जोरात ब्रेक दाबल्यास गाडी किंचित डावीकडे ओढते. गेल्या वर्षी एका गॅरेजमध्ये उजव्या बाजूचे ऑईल सील (ऑईल बाहेर येऊ न देणारे रबरी वळे) बदलून घेतले होते. काही महिने गळती बंद होती, मात्र हा पावसाळा सरता सरता ती पुन्हा सुरू झाली. त्या वेळी बेअरिंग पाहिले होते का, याचा बिलावर उल्लेख नाही. सील आणि मजुरी एवढेच लिहिलेले आहे.

आता पुन्हा सीलच बदलावे, की आणखी काही तपासावे? नोंदणीच्या नूतनीकरणाची तपासणीही पुढे आहे, त्यामुळे हे काम एकदाच आणि नीट व्हावे अशी इच्छा आहे.

पाना_पक्कड (म्हापसा)

रानवाट, आपण लक्षणे व्यवस्थित लिहिली आहेत, त्यामुळे पुढचे बोलणे सोपे झाले. सर्वांत आधी एक विनंती करतो. ब्रेक एका बाजूला ओढत असेल, तर गळती थांबेपर्यंत गाडी पोत्यांनी भरून उतारावर नेऊ नये आणि चोर्ला घाटात तर मुळीच नेऊ नये. उजव्या ड्रममधील लायनरवर (ब्रेकच्या घासणाऱ्या पट्टीवर) ऑईल चढल्यामुळे त्या चाकाचा ब्रेक कमी लागतो आणि गाडी ज्या बाजूचा ब्रेक नीट लागतो त्या बाजूला, म्हणजे डावीकडे ओढली जाते. आपले वर्णन याच्याशी जुळते.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. नवे सील एका पावसाळ्यात जाते, तेव्हा सीलच खराब निघाले असण्याची शक्यता कमी असते आणि त्याला निकामी करणारे कारण आत तसेच राहिले असण्याची शक्यता बरीच जास्त असते. म्हणून नवे सील आणण्याआधी पुढील गोष्टी पाहून येथे कळवाव्यात. त्यांपैकी एकीसाठीही अ‍ॅक्सल उघडावा लागत नाही.

गळणारा द्रव गिअर ऑईलच आहे का, हे प्रथम ठरवावे. बॅक प्लेटखाली दिसणारा थेंब व्हील सिलिंडरमधून (ब्रेकची पट्टी ड्रमवर दाबणाऱ्या छोट्या सिलिंडरमधून) गळणाऱ्या ब्रेक ऑईलचाही असू शकतो. गिअर ऑईल दाट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ब्रेक ऑईल पातळ असते आणि बोटांना चिकट न लागता ओलसर लागते. शंका राहिल्यास काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात थेंब सोडावा. ब्रेक ऑईल पाण्यात मिसळून जाते, गिअर ऑईल वर तरंगते.

त्यानंतर हाऊसिंगच्या (अ‍ॅक्सलच्या बाहेरच्या कवचाच्या) वरच्या अंगाला असलेला ब्रीदर (आतल्या हवेला ये-जा करू देणारी छोटी वाट) पाहावा, सपाट जागी गाडी उभी करून डिफरन्शियलचा (अ‍ॅक्सलमधील गिअरच्या भागाचा) भरणीचा प्लग काढून ऑईलची पातळी आणि रंग पाहावा, आणि मागचे चाक उचलून बेअरिंगमध्ये प्ले (ढिलेपणा) आहे का ते तपासावे. चाक उचलण्यापूर्वी पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत, हँडब्रेकच्या भरवशावर राहू नये आणि केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालू नये; अ‍ॅक्सलखाली घोडा (वजन पेलणारा लोखंडी आधार) लावल्याशिवाय पुढचे काम सुरू करू नये. अंगण एका बाजूला उतरते आहे का, हेही कळवावे. गाडी रोज उजवीकडे कललेली उभी राहत असेल, तर ऑईल रात्रभर त्याच बाजूच्या सीलवर साचून राहते.

खाजनकाठ (दिवाडी)

पाना_पक्कड यांनी ब्रेक ऑईलचा जो मुद्दा मांडला, त्याला माझ्या ओम्नीच्या अनुभवाची जोड देतो. ओम्नीलाही मागे असाच सलग अ‍ॅक्सल आणि पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग) आहेत. माझ्याकडे डाव्या चाकाच्या आत ओल दिसली तेव्हा सर्वांनी सीलकडे बोट दाखवले होते. प्रत्यक्षात ड्रम काढल्यावर व्हील सिलिंडरचे रबरी बूट उचलताच आतून ब्रेक ऑईल ओघळले. आमच्याकडे भरतीच्या वेळी फेरीबोटीच्या धक्क्यावर खारे पाणी चढते आणि गाडी चढवता-उतरवताना मागचे ड्रम त्यात भिजतात. व्हील सिलिंडर आतून गंजला की त्याचे पिस्टन घासत सरकतात आणि रबरी कप कापले जातात. तेव्हा रानवाट यांनी पेल्यातील पाण्याची चाचणी करावीच, तिला खर्च काहीच नाही.

ब्रीदरविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. अनेक गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर चढली तरी ब्रीदरकडे कोणी पाहत नाही, कारण तो हाऊसिंगच्या वर असतो आणि खालून चिखलाच्या थराखाली दिसतही नाही. सत्तरीतील (वाळपईच्या तालुक्यातील) तांबडा चिखल सुकला की दगडासारखा घट्ट होतो.

रानवाट (वाळपई)

आपण दोघांनी सांगितल्याप्रमाणे सर्व तपासले. निरीक्षणे सविस्तर लिहितो.

पेल्यातील थेंब पाण्यावर तरंगला आणि वासही गंधकाचा आला, म्हणजे ते गिअर ऑईलच आहे. ब्रीदरवर चिखलाचा थर होता. तो खरवडून काढल्यावर खालची टोपी दिसली. ती सहज वर-खाली हलायला हवी, पण बोटांनी दाबूनही जागची हलली नाही. टोपीच्या कडेने सुई फिरवली तेव्हा तांबड्या मातीची कोरडी चकतीच बाहेर आली. ब्रीदर साफ करण्याआधी मी भरणीचा प्लग सैल केला होता, तेव्हा आतून हवा सुटल्याचा स्पष्ट आवाज झाला. गाडी नुकतीच बाजारातून आलेली असल्याने हाऊसिंग गरम होते.

प्लग पूर्ण काढताच भोकातून धार लागली, म्हणजे पातळी प्रमाणापेक्षा वर होती. ऑईलचा रंग मधासारखा नसून दुधाळ करडा होता. उजवे चाक उचलून वर-खाली दोन्ही हातांनी हलवल्यावर हलकी खट्-खट् जाणवते, आणि फिरवताना हात पाट्यावर ठेवला तर खरखर जाणवते. डावे चाक शांत आहे. अंगण उजवीकडे उतरतेच. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून ते तसे बांधलेले आहे.

पाना_पक्कड (म्हापसा)

आपल्या निरीक्षणांवरून घटनाक्रम बराच स्पष्ट होतो. तो समजून घेतला तर काय काय बदलायचे हे आपोआप ठरेल.

गाडी चालताना अ‍ॅक्सलमधील ऑईल आणि हवा तापते. हाऊसिंग ३० अंश सेल्सिअसवरून ८० अंशांपर्यंत तापले आणि आतल्या हवेला बाहेर जायला वाट नसली, तर आतला दाब साधारण एक षष्ठांशाने वाढतो. अ‍ॅक्सलचे सील ऑईल अडवण्यासाठी बनवलेले असते, सततचा दाब धरून ठेवण्यासाठी नव्हे. त्याचे रबरी ओठ शाफ्टवर (चाक फिरवणाऱ्या दांड्यावर) अधिक जोराने दाबले जातात, तापतात, कडक होतात आणि ऑईल त्यांच्याखालून बाहेर ढकलले जाते. आता याच्या उलट स्थिती पाहा. तापलेला अ‍ॅक्सल घेऊन आपण व्हाळात उतरता. थंड पाण्याने हाऊसिंग एकदम निवते, आतली हवा आकसते, आणि ब्रीदर बंद असल्यामुळे ती कमतरता सीलच्या कडेने पाणी ओढून भरून निघते. पाणी ऑईलपेक्षा जड असल्यामुळे खाली बसते, गिअर फिरले की ऑईलमध्ये घुसळले जाते आणि पातळी वाढवते. आपल्या प्लगमधून लागलेली धार आणि दुधाळ रंग या दोन्हींचे कारण बहुधा हेच आहे. त्याच ओलीने उजव्या बेअरिंगवर गंज धरला असावा. बेअरिंग सैल झाले की शाफ्ट मध्यावर स्थिर राहत नाही, सीलचे ओठ एका बाजूला चेपले जातात आणि दुसऱ्या बाजूला फट पडते. अशा शाफ्टवर कितीही चांगले सील बसवले तरी ते टिकणार नाही, आणि गेल्या वर्षीच्या सीलचे तेच झाले असावे.

म्हणून या खेपेस उजव्या बाजूचे सील, बेअरिंग, त्याची कॉलर, ब्रेक शू (लायनर बसवलेले कमानदार भाग) आणि गिअर ऑईल हे सर्व एकत्र बदलावे. ब्रेक शू दोन्ही चाकांचे जोडीने बदलावेत, अन्यथा दोन्ही बाजूंचा ब्रेक सारखा लागणार नाही. ऑईल मुरलेले लायनर पेट्रोलने धुऊन किंवा घासून पुन्हा वापरण्याचा सल्ला काही ठिकाणी मिळतो, तो कृपया मानू नये. लायनर सच्छिद्र असते. वरून कोरडे दिसले तरी ब्रेक तापल्यावर आत मुरलेले ऑईल पुन्हा पृष्ठभागावर येते. ड्रम मात्र ब्रेक क्लीनरने स्वच्छ करून वापरता येतो.

कामाचा क्रम असा असतो. आधी भरणीचा प्लग निघतो याची खात्री करावी आणि मगच खालचा निचऱ्याचा प्लग खोलावा, कारण ऑईल काढून टाकल्यावर भरणीचा प्लग जाम निघाला तर गाडी जागीच अडकते. निचऱ्याच्या ऑईलमध्ये बोट फिरवून पाहावे. अगदी बारीक करडी लुकण असणे स्वाभाविक आहे. धातूचे कण किंवा दाताचा तुकडा बोटाला लागल्यास डिफरन्शियल उघडण्याला पर्याय नाही.

जिप्सीमध्ये चाक व ड्रम काढल्यावर ब्रेकचा पाईप सोडवावा लागतो आणि हँडब्रेकची केबल त्या चाकाला येत असल्यास तीही काढावी लागते. नंतर बॅक प्लेटला हाऊसिंगशी बांधणारे चार नट काढून शाफ्ट बॅक प्लेटसकट बाहेर ओढला जातो, कारण बेअरिंगला धरणारी कॉलर बॅक प्लेटच्या आतल्या अंगाला शाफ्टवर दाबून बसवलेली असते. शाफ्ट सहसा हाताने निघत नाही. त्यासाठी सरकत्या वजनाचा हातोडी-पुलर लागतो. बॅक प्लेटमध्ये पहार घालून उचकटल्यास प्लेट वाकते आणि पुढे ड्रम घासत राहतो.

कॉलर काढण्यासाठी ती दोन जागी ग्राइंडरने घासून पातळ करावी आणि छिन्नीचा घाव घालून फोडावी. शाफ्टला ग्राइंडरचा ओरखडा लागता कामा नये, म्हणून शेवटचा पातळ थर छिन्नीवरच सोडावा. नवे बेअरिंग आणि नवी कॉलर हायड्रॉलिक प्रेसवर, आतल्या वळ्यावरच दाब देऊन बसवून घ्यावी. जुनी कॉलर पुन्हा वापरू नये. चालत्या गाडीचे चाक शाफ्टसकट बाहेर येण्यापासून अडवणारी वस्तू ती कॉलरच आहे, आणि एकदा काढलेली कॉलर तितक्या घट्टपणे पुन्हा बसत नाही. ज्या गॅरेजमध्ये प्रेस नाही आणि कॉलर तापवून हातोडीने ठोकतो असे सांगितले जाते, तेथून शाफ्ट उचलून आणून प्रेस असलेल्या कार्यशाळेत न्यावा.

घाटपायथा (साखळी)

वरील सर्व योग्य आहे. मला शाफ्टच्या पृष्ठभागाबद्दल थोडे अधिक लिहायचे आहे, कारण गेल्या वर्षी सील बदलताना बहुधा तेही पाहिले गेले नसावे.

शाफ्ट बाहेर आल्यावर सीलचे ओठ ज्या पट्ट्यावर फिरतात तो पट्टा रॉकेलने पुसून कोरडा करावा आणि त्यावरून अंगठ्याचे नख शाफ्टच्या लांबीच्या दिशेने, अगदी हलक्या हाताने ओढावे. नख अडखळले नाही तर पृष्ठभाग ठीक आहे, चकाकणारी रेघ दिसली तरी चिंता नाही. नख एखाद्या खाचेत अडकले तर मात्र तेथे चर पडला आहे, आणि नवे सील त्याच चरात बसून पहिल्या दिवसापासून झिरपू लागेल. रबराने पोलादावर चर कसा पडतो, असा प्रश्न अनेकांना पडतो. ओठाखाली अडकलेली बारीक वाळू आणि गंज हे काम करतात. रबर त्यांना केवळ जागी धरून ठेवते.

चर पडला असल्यास तीन मार्ग आहेत. पहिला म्हणजे त्या पट्ट्यावर स्टेनलेस पोलादाची पातळ स्लीव्ह चढवणे. तिची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास असल्याने तेच सील तिच्यावर चालते. शाफ्टचा त्या जागेचा व्यास मायक्रोमीटरने मोजूनच ती मागवावी. दुसरा, हाऊसिंगमधील जागा परवानगी देत असेल तर सील एक-दोन मिलिमीटर कमी खोल बसवणे, म्हणजे ओठ चराच्या शेजारील कोऱ्या पट्ट्यावर फिरतात. तिसरा, शाफ्टच बदलणे. लेथवाले चौथा मार्ग सुचवतात: चरात वेल्डिंग भरून वर टर्निंग करणे. मी तो कधीही स्वीकारणार नाही. अ‍ॅक्सलचा शाफ्ट उष्णतेची प्रक्रिया करून कणखर केलेला असतो. एका कड्यावर वेल्डिंग केले की तेथील पोलादाचा गुण बदलतो आणि पुढे पीळ पडताना शाफ्ट नेमका तेथेच तुटण्याची भीती राहते. जिप्सीसारख्या अ‍ॅक्सलमध्ये शाफ्ट त्या जागी तुटला तर चाकच गाडीपासून वेगळे होते.

शाफ्ट परत आत घालताना दुसऱ्या कोणाला तरी सोबत घ्यावे. आतल्या टोकाच्या दात्यांना गिअर ऑईल लावावे. शाफ्टचे सर्व वजन हातांवर तोलून, सीलच्या ओठाला दाते न टेकवता सरकवणेच उत्तम. शाफ्टचे वजन क्षणभर जरी सीलवर पडले तरी ओठ खालून चिरतात, आणि ही चीर बाहेरून दिसत नाही. नव्या सीलच्या ओठांना आधी गिअर ऑईल चोपडून ठेवावे. कोरडे सील पहिल्या काही फेऱ्यांतच जळते.

रानवाट (वाळपई)

काम पूर्ण झाले. शाफ्ट काढल्यावर बेअरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे ठिपके होते आणि बाहेरचे वळे फिरवताना दर वेळी एका जागी अडखळत होते. शाफ्टवरील पट्ट्यावर नख फिरवले तेव्हा ते अडकले नाही, म्हणून स्लीव्हची गरज पडली नाही. जुन्या सीलचा ओठ इतका कडक झाला होता की नखाने वाकवल्यावर तो परत सरळ झाला नाही. हे सील गेल्याच वर्षीचे आहे, हे पाहून मला खरोखर वाईट वाटले.

बेअरिंग आणि कॉलर फोंड्यातील एका कार्यशाळेत प्रेसवर बसवून घेतली. बॅक प्लेट आणि हाऊसिंग यांच्यामध्ये सीलंटचा पातळ थर दिला. दुधाळ ऑईल पूर्ण जावे म्हणून मेस्त्रींनी आधी थोडे स्वस्त गिअर ऑईल भरून गाडी हळू फिरवून आणली, ते गरम असतानाच काढून टाकले आणि मग जीएल-५ प्रतीचे ८०डब्ल्यू-९० भोकाच्या कडेपर्यंत भरले. दोन्ही बाजूंचे शू नवे घातले आणि ब्रेकमधील हवा काढून घेतली. ब्रीदरच्या जागी नळी जोडून ती डिक्कीच्या तळाच्या उंचीपर्यंत वर नेली आहे आणि तिच्या टोकाला लहान फिल्टर लावला आहे. काढलेले ऑईल डब्यात भरून ठेवले आहे.

बॅक प्लेट आता कोरडी आहे आणि ब्रेक सरळ लागतो. मात्र धुतल्यानंतर डिफरन्शियलच्या पुढच्या तोंडाशी, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागे येणारा फिरता दांडा) जोडला जातो तेथे, हलकी ओल दिसते. थेंब पडत नाही. पिनियनचे (तेथील लहान गिअरचे) सीलही लगेच बदलावे का?

पाना_पक्कड (म्हापसा)

बातमी वाचून समाधान वाटले. ब्रीदरची नळी वर नेली हे फार चांगले केले. ती कोठेही खाली झोळ पडून पाणी साचणार नाही अशी बांधावी, आणि पाटे पूर्ण दबले तरी ओढली जाणार नाही इतकी सैल ठेवावी.

पिनियनच्या सीलला सध्या हात लावू नये, असे माझे मत आहे. तो भाग स्वच्छ पुसून आणखी काही आठवडे पाहावे. इतके दिवस आत दाब होता आणि तो याही सीलवर पडत होता. आता वाट मोकळी झाल्यावर अशी ओल अनेकदा आपोआप थांबते. थेंब पडू लागला तर मात्र दुर्लक्ष करू नये, आणि ते काम करताना नट नुसता खोलून पुन्हा एअर गनने आवळू देऊ नये. पिनियनच्या दोन बेअरिंगांमध्ये चेपणारा स्पेसर असतो. नट जितका आवळला जातो तितका स्पेसर चेपतो आणि त्यावरच बेअरिंगांचा ताण ठरतो. नट प्रमाणापेक्षा अधिक आवळला तर बेअरिंग तापून जातात आणि स्पेसर चेपलेलाच राहतो, तो परत पूर्वीच्या मापाला येत नाही. म्हणून खोलण्याआधी नट, फ्लँज (पिनियनला प्रोपेलर शाफ्ट जोडणारी तबकडी) आणि पिनियनचे टोक या तिघांवर एका रेषेत खूण करावी, नटाबाहेर आट्यांचे किती वेढे दिसतात ते मोजून लिहून ठेवावे आणि बसवताना नट बरोबर त्याच खुणेवर आणावा. फ्लँजवर सील घासून चर पडला आहे का, हे घाटपायथा यांनी सांगितलेल्या नखाच्या चाचणीने तेथेही पाहावे. त्याच वेळी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉसही (टोकांचे सांधे) हलवून पाहावेत. सैल क्रॉसमुळे होणारी थरथर पिनियनचे सील लवकर खाते.

डब्यातील जुने ऑईल माडाच्या आळ्यात किंवा गटारात ओतले जाऊ नये. घातक कचऱ्यासंबंधीच्या २०१६च्या नियमांमध्ये वापरलेल्या ऑईलचा समावेश आहे, आणि सत्तरीत विहिरी व व्हाळ इतके जवळ असतात की ओतलेले ऑईल तेथपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. ज्या गॅरेजमधून अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी ऑईल उचलले जाते, तेथे डबा नेऊन द्यावा.

खाजनकाठ (दिवाडी)

डाव्या बाजूबद्दल थोडे सुचवतो. ते बेअरिंग आज शांत असले, तरी दुधाळ ऑईल त्या बाजूच्या सीललाही लागलेले होते. शू बदलताना डावा ड्रम निघालाच होता, तेव्हा तेथील बॅक प्लेट आतून कोरडी होती का, हे मेस्त्रींना विचारून घ्यावे. कोरडी असल्यास डावीकडे काही करण्याची गरज नाही; पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर दोन्ही चाके उचलून प्ले पाहावा आणि व्हाळ ओलांडणे सुरू झाल्यावर मधूनमधून भरणीचा प्लग काढून ऑईलचा रंग पाहावा.

रानवाट (वाळपई)

मेस्त्रींना विचारले. डावी बाजू आतून पूर्ण कोरडी होती आणि शूवर फक्त धूळ होती, असे त्यांनी सांगितले. पिनियनकडचा भाग पुसून ठेवला आहे. तेथे थेंब दिसू लागला तर याच धाग्यावर कळवीन.